छत्तीसच्या रोलमधला सदतिसावा फोटो

राजूरच्या पोस्टातल्या बाईंनी माझं पाकीट कानाजवळ धरून हलवलं. आतून खडखड आवाज आला.

"काय हाये आत? गोळ्या?"

"फोटोचा रोल हाये, मॅडम. धुवाले पुण्याले चालला."

"रोल?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. धोतर, डोक्याला दुपट्टा, गळ्यात लटकलेला जुना कॅमेरा. "आता कोन काढते रोलवर फोटो? मोबाईल नाई का तुमच्याजवळ?"

"दोन हायेत. दोन्ही खोटं बोलतात."

बाई हसल्या. काउंटरवर कोळशाची बारीक काळी पूड बसली होती, ती त्यांनी फडक्यानं पुसली आणि पाकिटावर शिक्का मारला. परत पाठवायचा पत्ता मी नेरच्या एका चहाच्या हॉटेलाचा दिला होता. हंगामात मी घरी नसतोच. आज वणीकडे, उद्या नेर, परवा तिसरीकडे. त्यामुळे जिथे रोल संपेल तिथल्या पोस्टातून तो पुण्याला जातो, आणि धुऊन येतो तो मी पुढे जिथे असेन तिथे. सगळ्या गावांत माझं एकेक हॉटेल ठरलेलं आहे, आणि हॉटेलवाल्यांना माझा स्वभाव माहीत असल्यामुळे माझं पाकीट कोणी उघडत नाही.

त्या दिवशी टाकलेल्या रोलवर एका माणसाला मान खाली घालायला लावणारी चीज होती. ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी तो रोल पोटाशी बांधून स्वतः पुण्याला गेलो असतो.

मी बैलांचा व्यापारी आहे. आमच्याकडे हेडी म्हणतात. माझा बाप गावचा ढोरकी होता, म्हणजे गावाची गुरं रानात नेऊन चारायचा. मी त्याच्या मागे काठी घेऊन फिरलो, शाळा चौथीत सोडली, दुसऱ्याच्या बैलांची दलाली करता करता स्वतःचे बैल घेऊ लागलो. मला कोणी हात दिला नाही. म्हणून मी कोणाला सूट देत नाही. घासाघीस करताना माझा आवाज चढतो. लोक म्हणतात हा भांडतो. भांडत नाही, भाव करतो. भांडतो तेव्हा वेगळं दिसतं.

कॅमेऱ्याची गोष्ट अशी. काही वर्षांपूर्वी आमच्या बाजारात फोनवरचे फोटो पाहून सौदे होऊ लागले. मग एकाने म्हाताऱ्या बैलाच्या तोंडात फोनवरच जवान दात बसवले. दुसऱ्याने मोडलेलं शिंग बोटाने पुसून सरळ केलं. हाणामारी झाली. तेव्हा बाजारातल्या सगळ्यांत जुन्या दलालाने, ज्याला आम्ही सगळे चाचा म्हणतो, निंबाखालच्या आपल्या खाटेवर बसून ठरवून टाकलं, "आजसे मोबाईलका फोटू इस बाजारमें नाई चलते. वो किसीकाबी सगा नाई."

मी त्याच महिन्यात यवतमाळच्या एका बंद पडणाऱ्या स्टुडिओतून हा कॅमेरा उचलला. स्टुडिओवाल्याशी दुपारभर घासाघीस केली. तो शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, "घेऊन जा बाप्पा, फक्त आता उठा इथून." तेव्हापासून घेतलेल्या प्रत्येक बैलाचा मी रोलवर फोटो काढतो. कागद फाडता येतो, साक्षीदार फोडता येतो, पण फिल्मवर उमटलेलं कोणाच्या बोटाने पुसलं जात नाही. आणि रोल महाग असल्यामुळे छत्तीस फोटोंच्या रोलवर मी नेहमी सदतिसावा काढतो. यंत्र अडतं तरी जरा जोर लावला की एक निघतो. फुकटचा.

आता त्या माणसाकडे येतो. तो पांढरकवड्याच्या बाजूचा, केळापुरापासून थोडा आत राहणारा, माझ्या बापाच्याच गावचा मोठा शेतकरी. कापूस, तूर, ओलिताची जमीन, दारात दोन ट्रॅक्टर, आणि तरीही बैलांचा शौक. त्याच्या गोठ्यात एक तांबडा बैल होता. नाव नव्हतं त्याला, नुसता 'तांबडा'. डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा, उजव्या कानाला फाट, आणि चालताना जमिनीवर पाय असे ठेवायचा की जणू जमीन त्याचीच आहे. मी त्या बैलासाठी तीन हंगाम त्या माणसाच्या ओसरीवर चहा प्यालो. शेवटी एके दिवशी आमचा सौदा पटला. दुपट्ट्याखाली हात घालून, बोटं दाबून, आमच्या रिवाजाप्रमाणे. भाव तेव्हाही कोणाला कळला नाही, आजही सांगणार नाही.

विसाराची आगाऊ रक्कम द्यायला मी खिशात हात घातला तर त्याने माझं मनगट धरलं. "राहू द्या. तुमचा शब्द पुरे हाये आमाले." मी खूश झालो. ढोरक्याच्या पोराला मोठा माणूस शब्दावर बैल देतो, हे ऐकायला बरं वाटतं. तिथेच माझी अक्कल गहाण पडली.

आमच्याकडे बैल विकणारा आपलं दावं कधी देत नाही. दाव्यासोबत घरची लक्ष्मी जाते म्हणतात. घेणारा आपलं दावं आणतो, विकणारा आपलं सोडून घेतो, आणि ज्याचं दावं बैलाच्या गळ्यात, त्याचा बैल. यापुढे वाद नाही. माझी दावी मी स्वतः अंबाडीची वळतो आणि त्यात एक निळा धागा घालतो. ते निळ्या धाग्याचं दावं मी तांबड्याच्या गळ्यात बांधलं. त्या माणसाने आपल्या हाताने बैलाच्या कपाळाला गुलाल लावला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. रोल संपला होता, यंत्र अडलं. मी जोर लावला. खट् झालं.

बैल त्याच्याच गोठ्यात ठेवून मी निघालो, कारण गाडी आठवड्याने मिळणार होती. असं सगळेच करतात. मग राजूर, तिथलं पोस्ट, आणि त्या हसणाऱ्या बाई.

गाडी घेऊन परत गेलो तर तांबड्याच्या गळ्यात त्याचं दावं. कपाळ धुतलेलं. तो ओसरीवरून उठलासुद्धा नाही.

"काहून आले?"

"बैल न्याले."

"कोनता बैल?"

मला वाटलं थट्टा करतो आहे. मग कळलं, मधल्या दिवसांत आदिलाबादकडचा एक शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, शौकीन येऊन बैल पाहून गेला होता आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी तो नेणार होता. मी ओरडलो. तो शांत बसून सुपारी कातरत राहिला. मी म्हणालो, आज बाजार आहे, चल तिथे. तो म्हणाला, चाल.

बाजारात चाचांच्या खाटेभोवती पन्नासेक माणसं जमली. चाचांनी मला विचारलं, विसार दिला? नाही. साक्षीदार? कोणी नाही. दावं? ते त्याने काढून कुठे फेकलं देव जाणे. मी म्हणालो, फोटो आहे.

"मोबाईलका?"

"नाई चाचा. रोलवरचा. पोस्टात हाये, पुण्याले गेला."

लोक हसायला लागले. तो माणूसही हसला, आणि मग त्याने ते वाक्य म्हटलं. मोठ्याने, गावंढळाला समजावतात तसं सावकाश.

"याचा बाप आमचीच ढोरं चारे. आमची कालवड विकून खाल्ली त्यानं, अन् सांगतलं का वाघानं नेली. तो वाघ दाखवे, हा पोस्ट दाखवते."

हशा पिकला. अजून ऐकू येतो मला तो.

कालवड वाघानेच नेली होती. मी लहान होतो, पण मला आठवतं, बाप तिच्या गळ्यातली घाटी, म्हणजे घंटा, दोन्ही हातांत धरून संध्याकाळी या माणसाच्या दारात उभा होता. याच्या वडिलांनी घाटी घेतली, काही बोलले नाहीत. पुढे गावात कुजबुज सुरू झाली. बाप मरेपर्यंत ती कुजबुज ऐकत जगला. त्याच्याजवळ घाटीशिवाय काही नव्हतं.

मी त्या माणसाच्या अंगावर धावून गेलो. चौघांनी धरलं. चाचा म्हणाले, "अगले बाजारतक फोटू ला. नाई तो जबान बंद."

गाडी रिकामी परत पाठवून मी नेरला जाऊन बसलो. बैल गेला तर गेला, बैल मिळतात. मला ते वाक्य परत घ्यायला लावायचं होतं, त्याच बाजारात, तितक्याच मोठ्याने. रोज हॉटेलवाल्याला विचारायचो. तो म्हणायचा, "पोस्टमन आला का मीच तुमच्याकडे पळत येतो भाऊ, तुमी चहा घ्या अन् गिऱ्हाइकावर ओरडू नका."

पुण्याच्या लॅबवाल्याला फोन लावला. शहरी पोरगा, बोलणं मऊ.

"काका, रोल डेव्हलप झालाय. आज स्कॅन करून फोनवर पाठवू का? लगेच मिळेल."

"फोनवर पाठोशीन तर तुह्याकडे पुन्हा रोल टाकनार नाई. मले निगेटिव्ह पायजे. कागदावर मोठा फोटो पायजे. अन् आजच्या आज पोस्टात टाक."

"टाकतो. पण काका, शेवटची फ्रेम अर्धीच आलीय. रोल संपला होता, तुम्ही ओढलाय."

"अर्धी म्हंजे? त्या अर्ध्यात काय हाये?"

"बैलाचं डोकं आहे. गळा आहे. एक हात आहे कपाळावर. माणूस नाहीये, माणसाच्या जागी कोरं आहे."

"दावं दिसते का? निळा धागा?"

तो थांबला. यंत्रावर उलटे रंग सुलटे करून पाहत असावा. "हो. निळा धागा दिसतोय. अगदी क्लिअर आहे."

"मंग त्याचाच मोठा फोटो काढ. अन् अर्धा हाये तर अर्धे पैशे देईन."

"काका, कागद तर पूर्णच लागतो ना!"

कागदाचे पैसे पूर्ण देतो, मेहनतीचे अर्धे, यावर आम्ही थांबलो. एवढ्या रागातही मी ती घासाघीस सोडली नाही. राग एका खिशात, व्यवहार दुसऱ्या खिशात.

पाकीट बाजाराच्या आदल्या दुपारी आलं. मी हॉटेलच्या बाकड्यावर बसून फोटो पाहिला. तांबडा माझ्याकडे पाहत होता. गळ्यात माझं दावं. मागे गोठ्याची भिंत, तिच्यावर पोळ्याला उमटवलेले गेरूचे पंजे ओळीने. उजवीकडून एक हात आलेला, गुलालाने लाल झालेला, आणि हाताच्या मागे जिथे तो माणूस उभा होता तिथे काहीच नाही. पांढरं.

लोभाने मी सदतिसावा फोटो काढला आणि लोभानेच त्याचं तोंड कापलं. पण मला हात पुरेसा होता, फक्त तो कोणाचा हे त्याच्याच तोंडून निघायला हवं होतं. रात्रभर मी एकच विचार केला. फोटो आधी दाखवला तर तो म्हणेल, असेल कोणाचा तरी हात, आला असेल हा बैल बघायला, बांधलं असेल दावं मागून चोरून. त्याला पळवाट ठेवायची नव्हती. खोट्या माणसाला आधी लांबवर बोलू द्यावं. जितका लांब जाईल तितका परतायला वेळ लागतो.

बाजारात तांबडा आला होता. आदिलाबादचा शौकीनही गाडी घेऊन आला होता. चाचा खाटेवर होते. मी त्यांच्यापुढे बसलो, पाकीट बंडीच्या आत.

"लाया फोटू?" चाचांनी विचारलं.

"चाचा, मालकाले दोन गोष्टी विचारू द्या पयले. माहीच चूक असन. डोकं गरम होते माहं, कदी कदी उलटंसुलटं याद राह्यते." मी मान खाली घातली. आयुष्यात इतका मऊ आवाज मी बैल विकतानाही काढलेला नाही. "मालक, म्या तुमच्या घरी चहा पेलो होतो नं?"

तो लोकांकडे पाहून हसला. "चहा? तुले कोन चहा पाजते?"

"मंग गोठ्यात तरी आलो असीन."

"अबे, तू माह्या गोठ्याच्या कवाडातबी पाय ठेवला नाई कदी. आमच्या गोठ्यात तुहा बाप गेला तेवढाच बस झाला."

पुन्हा हशा. मी तोही गिळला.

"म्हंजे माहं दावं त्याच्या गळ्यात लागलंच नाई?"

"तुहं दावं? माह्या बैलाले? माह्या बैलाच्या कपाळाले माह्याशिवाय कोनाचा हात लागत नाई, सारा तालुका जानते हे. बायकोले लावू देत नाई म्या."

एवढंच हवं होतं. मी पाकीट काढून चाचांच्या हातात दिलं.

चाचांनी आधी निगेटिव्ह उन्हाकडे धरली, मग फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. मग म्हणाले, "तांबडेकू इधर लाव." कोणीतरी बैल आणला. चाचा खाटेवरून उठले, फोटो बैलाच्या तोंडाजवळ धरला, डोळ्याखालचा भोवरा बोटाने दाबून पाहिला, कानाची फाट पाहिली. मग फोटो गर्दीत फिरला. गेरूचे पंजे सगळ्यांनी ओळखले, त्या गोठ्यात निम्म्या बाजाराने चहा घेतलेला होता.

"दावा किसका है ये, निळे धागेका?" चाचांनी विचारलं.

"माहं. बाजारात दुसरं कोनाचं असन तर आना."

"और ये हात?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "मालकानंच तर सांगतलं आता. त्याच्याशिवाय कोनाचा लागतच नाई."

या वेळी जो हशा झाला तो माझ्या बाजूचा होता. आदिलाबादवाला आपल्या गाडीकडे वळला. मालकाचं तोंड फोटोतल्या कोऱ्या जागेसारखं झालं होतं. त्याने सुपारी थुंकली. हात कुठे ठेवावा त्याला कळेना, त्याने तो कमरेमागे लपवला. मला ते फार आवडलं. आजही आवडतं.

चाचा म्हणाले, "बैल इसका."

मी उठून त्याच्यासमोर उभा राहिलो. "मालक, बैल राहू द्या तुमचा. वरून काईच नको. फक्त म्हना, कालवड वाघानं नेली होती. इथंच म्हना. मोठ्यानं."

चाचा त्याला हळू म्हणाले, "बोल दे, भाई. तेरा बैल बच रहा है."

त्याने वाकून बैलाच्या गळ्यातलं स्वतःचं दावं सोडलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "घेऊन जाय बैल."

इतका मोठा बैल देऊन टाकला, पण माझ्या बापाला एक वाक्य दिलं नाही. ठरलेला भाव मी तिथेच चुकता केला, कारण उद्या कोणी म्हणायला नको. मग तांबड्याच्या गळ्यात नवं दावं बांधलं.

तो बैल मी ठेवला नाही. त्या माणसाचा एक चुलतभाऊ आहे. दोघांची शेतं लागून आहेत, मध्ये एक धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावरूनच कोर्टकचेरी होऊन बोलणं बंद. मी तांबडा त्या चुलतभावाला विकला. तोट्यात विकला. तोट्यात विकलेलं जनावर माझ्या आयुष्यात तेवढंच. एकच अट घातली, धुऱ्यापलीकडे परत विकायचा नाही. चुलतभावाने अट ऐकली आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. मी त्याला फोटोची एक प्रत दिली. त्याने ती आपल्या गोठ्याच्या दाराला लावली, रस्त्याकडे तोंड करून.

लोक मला सांगतात की मालक आता त्या बाजूच्या वावरात जात नाही, गड्याला पाठवतो. सांगतात की बैल ओढीने धुऱ्याशी येऊन उभा राहतो आणि जुन्या घराकडे पाहून हंबरतो. काहींना वाटतं हे ऐकून मला वाईट वाटावं. बैलाचं थोडं वाटतं.

उन्हाळ्याच्या शेवटी मी नेरला त्याच हॉटेलात बसलो असताना त्याचा जावई आला. चांगला शिकलेला मुलगा, शर्ट पँटमध्ये खोचलेला. माझ्यासाठी चहा सांगितला, स्वतःसाठी सांगितला, इकडचं तिकडचं बोलला, मग मुद्द्यावर आला.

"मामा, तो बैल तिथून हलवा. तुमचं काय लागते ते सांगा."

"एक वाक्य लागते. तुह्या सासऱ्याले माहीत हाये कोनतं."

"ते सोडून बोला नं."

"ते सोडलं तर माह्याजवळ विकाले काईच नाई."

त्याने कपाळ पुसलं. "घरी या. चार मानसांत म्हनतो म्हनले ते. हात जोडून म्हनतील."

"बाजारात म्हटलं होतं, बाबू. पन्नास मानसांत."

"बुढे झाले ते, मामा. झोपत नाई रातचे. तो हंबरला का उठून बसतात."

"माहा बापबी बुढा झाला होता. त्याचीबी झोप गेली होती. तवा कोनी चहा सांगाले आलं नाई."

जावई काही वेळ कपातली साय बोटाने बाजूला करत बसला. मग उठला, दोघांच्या चहाचे पैसे देऊ लागला. मी हॉटेलवाल्याला सांगितलं, याचे घेऊ नको, माझ्या नावावर टाक. त्या घराचा घोटभर चहाही मला नको होता.

तो मोटरसायकल सुरू करून गेला. पश्चिमेकडे ढग जमायला लागले होते, मृग तोंडावर होता. आठ-दहा दिवसांत पेरणी सुरू होणार होती, आणि मग तांबडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या धुऱ्याच्या कडेकडेने चालणार होता, जाताना आणि येताना.